बाविसाव्या मजल्यावरचे पंचाहत्तर दिवे

सौमित्र घर घेतोय ही बातमी गुप्त आहे, असं फक्त सौमित्रला वाटत होतं. जर्सी सिटीतल्या त्या बाविसाव्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये गेला आठवडाभर आठ माणसं राहत होती: सौमित्र, बायको, मुलगी, कायमचे आलेले आई-वडील, आणि जर्मनीहून आलेली बहीण, तिचा नवरा, मुलगी. एजंटशी बोलायला तो बाथरूममध्ये नळ सोडून बसायचा, पण त्याचा आवाज वडिलांवर गेलेला. जगन्नाथरावांनी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर म्हणून काढली होती. नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला हाका मारण्यात हयात गेलेली. असल्या आवाजापुढे नळाचं काय चालणार?

त्यामुळे वडिलांच्या पंचाहत्तरीच्या दिवशी सकाळी चहा होताच तो उठून उभा राहिला आणि "एक अनाउन्समेंट आहे," म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी आपापले चेहरे आधीच तयार करून ठेवले होते.

"फाइव्ह बेडरूम्स!" सौमित्र म्हणाला. "हिल्सबरोच्या पुढे, इथून गाडीने तासाभरावर. बॅकयार्ड एवढं, की मागचं कुंपण दिसत नाही. आई-बाबांना खालीच खोली, लागून बाथरूम. हिमानी, तुम्ही आलात की तुमची खोली वेगळी. सोमवारी साइन करतोय. बाबा, हॅपी बर्थडे!"

"अय्या!" शोभाताई म्हणाल्या.

"वॉव, दादा!" हिमानी म्हणाली.

"पाच?" जगन्नाथराव म्हणाले, आणि त्यांनी बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला.

चारुता सासूबाईंकडे बघत होती. शोभाताईंचं खरं 'अय्या' चांगलं लांब असतं आणि शेवटी वर जातं, हे या घरात सून म्हणून वावरताना ती शिकली होती. आजचं आखूड होतं. आणि घराचा हट्ट तर मुळात चारुताचा होता. आठवड्यातले तीन दिवस ती घरून काम करायची, म्हणजे कपाटात बसून करायची. हिवाळी कोटांच्या मधे एक स्टूल, मांडीवर लॅपटॉप. एकदा ऐन मीटिंगमध्ये सासूबाईंनी कपाटाचं दार उघडून "भेंडी करू की गवार?" असं विचारलं होतं. तेव्हापासून तिची अख्खी टीम दर सोमवारी तिला भाजी विचारायची. तिला फक्त एक दार हवं होतं, आतून बंद होणारं. 'आपण मोठं घर बघू या का?' इतकंच ती म्हणाली होती. त्याचे पाच बेडरूम सौमित्रने केले.

त्या दिवशी त्या फ्लॅटमधून कचरा फार गेला. घरात खासगी बोलायला जागाच नव्हती, त्यामुळे ज्याला कुणाशी बोलायचं असेल तो पिशवी उचलायचा आणि "जरा कचरा टाकून येतो" म्हणून कॉरिडॉरच्या टोकाच्या कचऱ्याच्या खोलीत जायचा. आधी हिमानी आणि शोभाताई एक केळ्याचं साल घेऊन गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मग हिमानी आणि परीक्षित चहाची एक पिशवी घेऊन गेले. दुपारी चारुताही निघाली, पण टाकायला काही उरलंच नव्हतं.

"बघ," सौमित्र तिला कौतुकाने म्हणाला, "सगळे किती मदत करतायत!"

*

परीक्षितला या घरात एकच गोष्ट सहन होत नव्हती. हवा.

तो श्टुटगार्टला गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनियर होता. गेली नऊ वर्षं तो, हिमानी आणि सहा वर्षांची कादंबरी एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होते. तिथे लिफ्ट नव्हती. आठवड्याची पाळी आली की दारावर पाटी लटकायची आणि अख्खा जिना त्यांनी झाडायचा. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. आणि रोज सकाळ-संध्याकाळ, बाहेर बर्फ असो की पाऊस, सगळ्या खिडक्या सताड उघडून घरात वारा खेळवायचा. नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि घरमालक वरती येतो. पहिल्या वर्षी परीक्षितने या सगळ्याची टिंगल केली होती. आता खिडकी बंद असली तर त्याला झोप लागत नसे. तो आला त्या दिवसापासून सौमित्रच्या फ्लॅटमधल्या खिडक्या ढकलून बघत होता. त्या चार बोटं उघडायच्या आणि थांबायच्या.

"सेफ्टी आहे, यार," सौमित्र समजावत होता. "बाविसावा मजला आहे. कुणी पडलं तर?"

"पण मग तुम्ही श्वास कसा घेता?"

"सेंट्रल एअर."

परीक्षितने ओव्हनकडे, माणसांकडे, खिडकीकडे पाहिलं. मंगळवारी त्याची मुलगी एकटी लिफ्टने खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन आली, तेव्हा बिल्डिंगच्या गार्डने तिला हाताला धरून वर आणलं होतं. सौमित्रचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ती श्टुटगार्टला शाळेत एकटी जाते, दादा," हिमानी सांगत होती, आणि सौमित्रची तेरा वर्षांची अनिका, जिला आजवर कुणी गाडीशिवाय कोपऱ्यापर्यंतही सोडलं नव्हतं, आपल्या सहा वर्षांच्या आतेबहिणीकडे एखाद्या पुढाऱ्याकडे बघावं तशी बघत होती. तेव्हापासून परीक्षितने या घरात कशाबद्दल मत द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

संध्याकाळी शोभाताईंनी कणकेचे पंचाहत्तर दिवे केले. दोन परातींत ते दाटीवाटीने बसले. तूप, वाती, मधे सुपारी आणि अंगठी. जगन्नाथरावांना पाटावर बसवलं. त्यांनी नवा कुर्ता घातला होता आणि ते अवघडले होते.

"दादा, धुराच्या अलार्मचं काय?" हिमानीने विचारलं.

"त्याला शॉवर कॅप घातलीय." सौमित्रने छताकडे बोट दाखवलं. "फोडणीच्या वेळी आम्ही नेहमी घालतो."

दिवे लागले. खोलीतले लाइट बंद केले तेव्हा सगळ्यांचे डोळे परातींवर गेले. खिडकीबाहेर नदीपलीकडे मॅनहॅटन उजळलं होतं, पण बघत कुणीच नव्हतं. शोभाताईंनी एक परात उचलली, चारुताने दुसरी, आणि औक्षण सुरू झालं.

पंचाहत्तर दिव्यांचा उष्मा थोडाथोडका नसतो. परीक्षितच्या कपाळावरून घाम गळायला लागला. कादंबरी खोकली. परीक्षितने हळूच मागे सरकून बेडरूमची खिडकी चार बोटं उघडली. काही फरक पडला नाही. समोरासमोर दोन वाटा असल्याशिवाय वारा वाहत नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने फ्लॅटचं मुख्य दार उघडलं.

नोव्हेंबरचा वारा नदीवरून आला, खिडकीतून शिरला, आणि पंचाहत्तरच्या पंचाहत्तर दिवे एका फुंकरीत विझले.

"विझले!" अनिका ओरडली.

"शांत झाले म्हण!" शोभाताई त्याहून मोठ्याने ओरडल्या.

एकदम विझलेल्या वातींतून जाड पांढरा धूर उठला. वाऱ्याने तो गोळा केला आणि उघड्या दारातून शिस्तीत बाहेर कॉरिडॉरमध्ये नेला. तिथल्या अलार्मला कुणी शॉवर कॅप घातलेली नव्हती.

*

लिफ्ट बंद पडल्या. भोंगा वाजत होता आणि एक रेकॉर्ड केलेली बाई सगळ्यांना जिन्याने उतरायला सांगत होती. सौमित्र या इमारतीत सात वर्षं राहत होता, पण तिचा जिना त्याने आज पहिल्यांदा पाहिला. काँक्रीटचा, राखाडी. मधली पोकळी विहिरीसारखी खोल खाली गेलेली.

प्रत्येकाने हाताला लागलं ते उचललं होतं. चारुताने लॅपटॉप, अनिकाने फोन, सौमित्रने घराच्या कागदांची फाइल. शोभाताईंनी बेसनलाडवांचा डबा. हिमानीने कादंबरीला. परीक्षितने आधी खिडकी बंद केली आणि मग सासऱ्यांचा हात धरला.

चालण्याची सवय असलेली श्टुटगार्टची पार्टी भराभर पुढे गेली. हिमानी, कादंबरी आणि त्यांच्या जोडीला शोभाताई. एक मजला मागे चारुता आणि अनिका. त्यांच्या वर सौमित्र. सगळ्यात वर जगन्नाथराव आणि परीक्षित, एकेक पायरी. मधेमधे अनोळखी शेजारी. अठराव्या मजल्याच्या आसपास भोंगा एकाएकी थांबला. शोभाताईंना वाटलं, आता जरा बोलता येईल.

"हिमे," त्या कुजबुजल्या, "मी त्या घरात जायची नाही गं."

विहिरीने तो आवाज घेतला आणि व्यवस्थित, एकही अक्षर न सांडता, वर पोचवला. वर सौमित्रचा पाय पायरीवरच थांबला.

"आई, हळू," हिमानी म्हणाली.

"हळूच बोलतेय. सकाळपासून हळूच बोलतेय. अनिकाने मला त्या घराचा व्हिडिओ दाखवला. रस्त्याला फूटपाथच नाही! इथे मी सकाळी उठते, नदीकाठाने चालते, चार बायका भेटतात. न्यूअर्क ॲव्हेन्यूवर जाऊन भाजी आणते. तुझ्याकडे तर भाषा येत नसताना ट्रामने एकटी हिंडले. तिथे मला कोथिंबिरीची जुडी हवी असली तरी, 'अरे, मला नेतोस का?' म्हणून दाराशी उभं राहायचं. मी काय पार्सल आहे?"

"मग दादाला तसं सांग ना."

"कसं सांगू?" शोभाताई उतरता उतरता थांबल्या. "क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या. तू आमच्यापाशी झोपायचीस आणि तो पॅसेजमध्ये. रात्री पाणी प्यायला कुणी उठलं की त्याच्या पायावर पाय. दहावीचा अभ्यास त्याने मीटरखाली बसून केला. एकदा मला म्हणाला होता, 'आई, मला दार असलेली खोली कधी मिळेल?' मी म्हटलं, बदली झाली की. बदल्या चार झाल्या, प्रत्येक ठिकाणी पॅसेजच. आता पोरगं स्वतःच्या कमाईने पाच खोल्या घेतंय, आणि मी म्हणू, नको? माझी जीभ कशी रेटेल?"

सौमित्रने फाइल छातीशी धरली. तो प्रश्न आपण विचारला होता हे त्याला आठवत होतं. आईलाही आठवत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"मग मला तरी सांगायचं, आई!" मधूनच चारुताचा आवाज आला.

शोभाताईंनी दचकून वर पाहिलं. "तुला ऐकू आलं?"

"सगळ्यांना आलं!" वरून सौमित्र म्हणाला.

चारुता आणि सौमित्रच्या मधे एक उंचापुरा माणूस उतरत होता, काखेत स्वेटर घातलेलं कुत्रं. त्याने आधी खाली पाहिलं, मग वर. "यू गाइज ओके?"

"फॅमिली," अनिका म्हणाली. तो समजल्यासारखी मान हलवून भिंतीला चिकटून उभा राहिला, आणि भांडण त्याच्यावरून सुरू झालं.

"चारू, तूच म्हणालीस ना मोठं घर हवं?"

"मी मोठं म्हटलं! पाच कुणी म्हटलं? पाच बेडरूम झाडणार कोण? तू आठ तास ऑफिसात, मी कपाटात! मला एक दार हवंय, सौमित्र. एकच!"

"हिमानी आली की तिला—"

"मी दोन वर्षांतून एकदा येते, दादा! माझ्यासाठी बेडरूम?"

"म्हणजे तुझा बेत वेगळाच आहे. तू आई-बाबांना जर्मनीला न्यायला बसलीयस! सकाळी केळ्याचं साल घेऊन तेच ठरवलंत ना?"

"नेते! काय हरकत आहे?"

"तिसरा मजला, लिफ्ट नाही! बाबांचे गुडघे?"

"बाबांचे गुडघे आत्ता बाविसाव्या मजल्यावरून उतरतायत!"

परीक्षित, ज्याला सासू-सासऱ्यांच्या कायमच्या मुक्कामाबद्दल आत्ताच प्रथम कळत होतं, पायरी चुकता चुकता राहिला. सासऱ्यांनीच त्याला सावरलं.

"ग्रॅनी शुड डिसाइड," अनिका म्हणाली. "आणि मला पण कुणी विचारलं नाही. तिथून शाळेत चालत जाता येत नाही. माय कझिन इज सिक्स अँड शी वॉक्स!"

"इथून तरी कुठे जातेस तू चालत?" चारुता म्हणाली.

"एक्झॅक्टली!"

"अनिका, बोलू नकोस मधे," सौमित्र म्हणाला.

मग वरून जगन्नाथरावांनी हाक दिली. कृष्णेच्या पुरावरून ऐकू जायची तीच हाक.

"थांबू नका! उतरत उतरत भांडा! मागे माणसं आहेत!"

सगळे उतरत उतरत भांडले. पाचव्या मजल्यापर्यंत मुद्दे संपले आणि पुढे नुसताच श्वास लागला.

*

रस्त्यावर इमारतीतली सगळी माणसं उभी होती. कुणी पायजम्यात, कुणी ब्लँकेट गुंडाळून. लिफ्टमध्ये जी फोनकडे बघत उभी राहायची तीच माणसं, पण आता बघायला काहीच नसल्यामुळे एकमेकांकडे बघत होती. आगीचे बंब आले होते. शोभाताईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि डबा उघडला. पहिला लाडू कुत्रेवाल्याने घेतला.

आत जाऊन आलेला अग्निशमन दलाचा कप्तान दारात येऊन म्हणाला की बाविसाव्या मजल्यावर कुणीतरी धूर केला आहे. कोण ते कळलं तर बरं होईल. सौमित्र पुढे व्हायला लागला. त्याच्या आधी परीक्षित झाला. दार त्याने उघडलं होतं. त्या दोघांना बाजूला सारून जगन्नाथराव कप्तानासमोर उभे राहिले, कपाळावर अर्धवट कुंकू, डोक्यावर अक्षता.

"सर, इट इज मी," ते म्हणाले. "आय बिकेम सेव्हंटी-फाइव्ह."

कप्तानाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हॅपी बर्थडे, सर," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी एकच मेणबत्ती लावा." शॉवर कॅपबद्दल मात्र तो सौमित्रशी वेगळं, बराच वेळ बोलला.

लिफ्ट सुरू व्हायला अवकाश होता. समोरच्या बाकावर जगन्नाथराव बसले. घरचे भोवती उभे राहिले. सौमित्रने फाइल त्यांच्या शेजारी ठेवली.

"बाबा, कॅन्सल करतो."

"का?"

"कुणालाच नकोय ना."

"तुला हवंय," जगन्नाथराव म्हणाले. "पॅसेजमध्ये झोपवलं मी तुला. मला दिसत नव्हतं असं नाही. बदल्यांच्या नादात राहून गेलं. तुला दार असलेली खोली हवी आणि तुझ्या बायकोला आणखी एक. पोरीला तिसरी. तीन खोल्यांचं घर बघ. जिथून हिला शाळेत चालत जाता येईल, असं."

"आणि तुम्ही?"

"आम्ही इथेच. याच बिल्डिंगमध्ये एक खोलीचं काहीतरी मिळेल. दोन खोल्या तू तिकडच्या कमी करशील, त्यात आमचं भागेल."

सौमित्रला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा तो हबकला. "म्हणजे तुम्ही दोघं वेगळं राहणार? एकटे? बाबा, लोक काय म्हणतील? इथे मराठी मंडळात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मुलाने आई-बापांना बाहेर काढलं म्हणतील."

"उलट सांग," शोभाताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "सांग, आई-बापांनी मला वेगळं काढलं."

"आई!"

"अय्याऽऽ!" शोभाताई एकदम म्हणाल्या. "म्हणजे खरंच नुसतं आपल्या दोघांचं घर? अहो, लग्नानंतर पहिल्यांदा!"

हे 'अय्या' चांगलं लांब होतं आणि शेवटी वर गेलं. चारुताने ते ऐकलं आणि सासूबाईंना गच्च मिठी मारली. दोघींपैकी आधी कोण रडलं हे नंतर ठरवता आलं नाही.

"मला वाटलं होतं, तुम्ही माझ्याकडे याल," हिमानी हळूच म्हणाली.

"येऊ की," जगन्नाथराव म्हणाले. "पाहुणे म्हणून. पाहुण्यांना जिना झाडावा लागत नाही ना, परीक्षितराव?"

"नाही, बाबा," परीक्षित म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याने खोल श्वास घेतला.

*

सौमित्रचं तीन बेडरूमचं घर मेटुचेनला झालं, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. अनिका एकटी शाळेत जायला लागली आणि पहिला महिनाभर सौमित्र गाडीतून अंतर ठेवून तिच्या मागे जात होता. तिला ते ठाऊक होतं. चारुताच्या खोलीला दार होतं. तिची टीम भाजी विचारायची थांबली. तिलाच ते जरा चुकल्यासारखं वाटायचं.

एप्रिलच्या एका रविवारी सौमित्रला दुपारी अचानक आईच्या हातचं काहीतरी खावंसं वाटलं. तो एकटाच ट्रेनने जर्सी सिटीला आला. जुन्या इमारतीत शिरला, अकराव्या मजल्यावर आई-बाबांच्या नव्या घरी गेला आणि बेल वाजवली. कुणी दार उघडलं नाही. फोन लावला, आतच वाजला.

तो खाली येऊन लॉबीतल्या सोफ्यावर बसला. नव्या गार्डने त्याला ओळखलं नाही आणि कुणाकडे आलात म्हणून विचारलं. बराच वेळ गेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांतल्या काहीजणांनी त्याच्याकडे पाहिलं. कुत्रेवाल्याने हात केला. सूर्य कलला, काचेच्या दाराबाहेरची गर्दी वाढली, आणि सौमित्रला आधी काळजी वाटली, मग राग आला, मग भूक लागली.

शेवटी दार फिरलं. शोभाताई आणि जगन्नाथराव आत आले. त्यांच्याबरोबर आणखी दोन जोडपी होती, एक गुजराती, एक बहुधा कोरियन. सगळे कशावर तरी मोठ्याने हसत होते. शोभाताईंच्या पायात पांढरे बूट होते आणि हातात अर्धा खाल्लेला आइस्क्रीमचा कोन.

मुलाला सोफ्यावर बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

"अरे," त्या म्हणाल्या, "येण्याआधी फोन तरी करायचास!"